सर्व्हेयरसाहेबांचे तेवीस कॅट

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या गुरुवारी तेरेझिओ ग्रिबाउदो स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, आणि आत जे चाललं होतं ते त्यांना बघवत नव्हतं.

टेबलाभोवती इमारतीतल्या चार बायका बसल्या होत्या. मध्ये हेझलनटचा केक, कॉफीची किटली, आणि त्यांच्या पत्नी मिरेल्लाबाई भविष्य बघायचे टॅरोचे पत्ते मांडत होत्या. गेली बावीस वर्षं दर गुरुवारी तीन ते सहा त्या हेच करत होत्या, पण तीन ते सहा ग्रिबाउदो कचेरीत जमिनी मोजत असल्यामुळे त्यांनी हे कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. मावशीकडून आलेला, कडा झिजून झिजून लोकरीसारखा मऊ पडलेला एक मार्सेय पद्धतीचा कॅट. त्याच कॅटवर आधी पहिल्या मजल्यावरच्या बाईंच्या रुसलेल्या सुनेचा प्रश्न येऊन गेला, मग एकीच्या अक्कलदाढेचा, आणि मग त्याच कॅटवर, तोच हात, तीच पानं, हरवलेल्या अंगठीचा.

छत्तीस वर्षं ज्या माणसाने उताराला एक यंत्र आणि भिंतीला दुसरं यंत्र वापरलं, त्याला हे पटणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी सूप वाढून घेता घेता ते म्हणाले, "मिरेल्ला, दाढ आणि सून यांना एकच कॅट कसा चालतो?"

"चालतो."

"त्यामागे पद्धत काय?"

"बायका येतात तेव्हा सुकलेल्या दिसतात, जाताना बऱ्या दिसतात."

"ही काही पद्धत झाली नाही."

"मग तू शोध पद्धत," मिरेल्लाबाई म्हणाल्या, आणि चीज किसायला लागल्या. बोलण्याच्या ओघात माणूस काहीबाही बोलून जातो. पुढे सहा महिने त्यांना या वाक्याचा पश्चात्ताप झाला.

दुसऱ्या दिवशी ग्रिबाउदोंनी एक जाड वही आणली आणि माणसाला पडणाऱ्या प्रश्नांची वर्गवारी केली. प्रेम, विवाह (हे दोन त्यांनी विचारपूर्वक वेगळे ठेवले), नोकरी, आरोग्य, स्थावर, जंगम, कोर्टकचेरी, प्रवास, हरवलेल्या वस्तू, पाळीव प्राणी. प्रत्येक वर्गाला योग्य असा स्वतंत्र कॅट. प्रेमाला मिलानच्या जुन्या सरदारी चित्रांचा, कारण त्यात सगळ्यांचे कपडे चांगले असतात. कोर्टाला ठळक रेघांचा मार्सेय. प्रवासाला बोलोन्याचा, कारण त्यात पानं कमी, सामान हलकं. त्यांनी पाच कॅट विकत आणले, वहीत क्रमांक टाकले आणि दिवाणखान्यातल्या कपाटाचा एक कप्पा रिकामा केला. त्या कप्प्यात लग्नातल्या काचेच्या वाट्या होत्या. त्या आता पलंगाखाली गेल्या.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मग चौथ्या मजल्यावरच्या कियावासाबाई आल्या.

कियावासाबाई विधवा होत्या, गुरुवारच्या मंडळाच्या पहिल्या सभासद होत्या, आणि जगातल्या सगळ्या विषयांवर त्यांना कुणीतरी कधीतरी काहीतरी सांगितलेलं होतं. त्यांनी पाचही कॅट हातात घेऊन वजन केल्यासारखे खालीवर केले.

"कुणी दिले?"

"दिले नाहीत. विकत घेतले."

"अरेरे," कियावासाबाई म्हणाल्या. "सर्व्हेयरसाहेब, स्वतःसाठी विकत घेतलेला कॅट मुका असतो. तो भेटच मिळावा लागतो."

"हे कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? मुका आहे की नाही विचारून बघा ना त्याला."

ग्रिबाउदोंनी विचारून पाहिलं. कॅट बोलला नाही. तसा मिरेल्लाबाईंचाही बोलत नसे, पण तो मावशीने दिलेला होता, म्हणजे तो मुद्दाम बोलत नव्हता.

आता भेट मागायची कशी? कुटुंबाची अब्रू होती. ग्रिबाउदोंनी अब्रू सांभाळून, येता जाता, आपल्याला कोणत्या वर्गाचा कॅट कमी आहे हे लोकांच्या कानावर घालायला सुरुवात केली. नाताळात त्यांना अकरा कॅट भेट आले, आणि एकही हव्या त्या वर्गाचा नव्हता. न्हाव्याने मांजरांची चित्रं असलेला दिला. मेहुणीने असा दिला, की त्यात सगळी पात्रं विवस्त्र होती. तो त्यांनी 'विवाह' खाली नोंदवला, मिरेल्लाबाईंनी तो 'जंगम' मध्ये ढकलला. दोन कॅट तर एकसारखेच निघाले, आणि देणारे दोघंही अधूनमधून घरी येत असल्यामुळे दोन्ही दर्शनी भागात ठेवावे लागले. पुतळ्यांसारखे.

कियावासाबाई पुन्हा आल्या. भेटीचा कॅट सात रात्री उशाखाली ठेवल्याशिवाय आपला होत नाही, असं त्यांनी सांगितलं. अकरा गुणिले सात, सत्त्याहत्तर रात्री. ग्रिबाउदोंना वेळेचा अपव्यय मान्य नव्हता, म्हणून ते एकावेळी चार कॅट घेऊन झोपले. पाचव्या दिवशी त्यांची मान धरली. डॉक्टरांनी विचारलं, "उशी बदललीत का?" ग्रिबाउदो म्हणाले, "तसं म्हणता येईल." गळ्याला दोन महिन्यांचा पट्टा मिळाला. पट्टा लावल्यावर त्यांना समोरची भिंत उत्तम दिसे, पण मान खाली जाईना, आणि पत्ते तर टेबलावरच मांडतात.

प्रत्येक कॅट रेशमात गुंडाळावा लागतो, हे कियावासाबाईंना उशिरा आठवलं. मिरेल्लाबाईंचा कोमोहून आणलेला निळा रेशमी रुमाल होता. होता, एवढंच आता म्हणता येईल.

त्या दिवशी मिरेल्लाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी रुमालाचे सोळा चौकोन बघितले, ते अगदी काटकोनात कापलेले होते, आणि म्हणाल्या, "तेरेझिओ, तू अजून एकाही माणसाला एकही पान दाखवलेलं नाहीस."

ते खरं होतं, आणि म्हणूनच ते ग्रिबाउदोंना लागलं. येत्या गुरुवारी एक प्रश्न आपल्याला मिळावा, अशी त्यांनी मागणी केली. कियावासाबाईंनी मोठ्या मनाने आपल्या भाच्याची ड्रायव्हिंगची परीक्षा पुढे केली. ती त्याच दिवशी साडेचारला होती.

"भाचा पास होईल का, एवढंच बघा."

"थांबा," ग्रिबाउदो म्हणाले आणि वही उघडली. "हा प्रश्न शिक्षणाचा, वाहनाचा, की सरकारी परवान्याचा?"

"परीक्षेचा."

"म्हणजे शिक्षण. पण गाडी त्याच्या मालकीची आहे का?"

"माझी आहे."

"मग जंगम मालमत्ता आली. तिथे दुसरा कॅट लागतो. रस्ता शहरातला की बाहेरचा? नाही, म्हणजे प्रवास धरायचा की नाही, म्हणून."

पाच वाजता कियावासाबाईंचा फोन वाजला. भाचा नापास झाला होता. ग्रिबाउदोंच्या हातात त्या वेळी दोन कॅट होते आणि दोन्ही रेशमातच होते.

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण ग्रिबाउदोंचं म्हणणं पडलं, की दोष पद्धतीचा नाही, साठ्याचा आहे. परवान्यांसाठी स्वतंत्र कॅटच नव्हता. त्यांचा चुलतभाऊ एल्विओ अर्जेंटिनात, रोसारिओला असतो. त्याला पत्र गेलं. त्याने प्रेमाने एकदम सात कॅट पाठवले, आणि ते कस्टम्समध्ये अडकले.

पार्सल सोडवायला ग्रिबाउदो चार वेळा गेले. चौथ्या खेपेला त्यांना काचेपलीकडे एक बाई भेटल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्यासमोर एक संगणक होता, आणि जे काही वाईट होतं ते त्यात होतं.

"वस्तू काय?"

"पत्ते."

"खेळायचे? मग खेळणी. खेळण्यांना सुरक्षिततेचा दाखला लागतो. लहान मुलांनी गिळले तर काही होत नाही, असा."

"खेळायचे नाहीत. प्रश्न विचारायचे."

"कुणाला?"

ग्रिबाउदोंनी थोडा वेळ विचार केला. "पत्त्यांना."

बाईंनी त्यांच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला. "धार्मिक वस्तू म्हणून टाकू का? पाद्रीबाबांचं पत्र आणा."

"पाद्रीबाबा देणार नाहीत."

"छापील साहित्य? प्रकाशकाचं पत्र."

"प्रकाशक वारला आहे. एल्विओ म्हणतो."

"मग एकच उरलं. व्यावसायिक साधनं. त्याला काही लागत नाही, फक्त व्यवसाय लिहायचा."

"सर्व्हेयर, निवृत्त."

"सर्व्हेयर ही साधनं वापरतो का?"

नाही म्हणावं तर सात कॅट परत रोसारिओला. हो म्हणावं तर छत्तीस वर्षांच्या सेवेला काळिमा. मागे रांगेतला एक इसम घड्याळ बघत होता. ग्रिबाउदोंनी पेन घेतलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: पत्त्यांवरून भविष्य सांगणारा. खाली सही केली, आणि पार्सल सुटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते कळायला तीन आठवडे गेले.

तीन आठवड्यांनी इमारतीचे कारभारी वाकेत्ता यांनी दारावर टकटक केली. त्यांच्या हातात नगरपालिकेचं पत्र होतं. तेरेझिओ ग्रिबाउदो यांनी सदर पत्त्यावर भविष्यकथनाचा व्यवसाय सुरू केल्याचे कळते, इमारतीतील रहिवाशांची हरकत असल्यास कळवावे.

"सर्व्हेयरसाहेब," वाकेत्ता म्हणाले, "मला खाजगीत सांगा. धंदा कसा चाललाय?"

"मी आजवर एकाचंही भविष्य सांगितलेलं नाही."

"सुरुवातीला असंच असतं," वाकेत्ता म्हणाले, आणि सभा बोलावली.

सभा तळमजल्यावरच्या सायकलींच्या खोलीत भरली. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ, ज्यांची सून अजून रुसलेलीच होती, म्हणाले, की जिन्यात सारखी वर्दळ असते. ग्रिबाउदो उठले, आणि आपण फक्त कॅट जमवतो, वापरत नाही, असं त्यांनी सप्रमाण, वहीतली पानं दाखवून सांगितलं. थोडक्यात, तेवीस कॅट बाळगूनही आपल्याला त्यातलं काही येत नाही, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने वीस लोकांपुढे सिद्ध केलं. कुणाला पटलं नाही. मग त्यांची बाजू मांडायला कियावासाबाई उठल्या, आणि तिथे सगळं संपलं.

"वर्दळ कसली? आम्ही चार बायका. बावीस वर्षं दर गुरुवारी जातोय, कुणाला त्रास झाला का?"

"बावीस वर्षं," वाकेत्तांनी लिहून घेतलं. "नोंदणीशिवाय."

मिरेल्लाबाई भिंतीजवळ, कुणाच्या तरी सायकलीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे ग्रिबाउदोंनी पाहिलं, आणि या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा त्यांना भीती वाटली. मिरेल्लाबाईंचा गुरुवार जात होता. मुलगी हॅम्बुर्गला गेली तेव्हा, बहीण वारली तेव्हा, एवढंच काय नवरा कचेरीतल्या बढतीसाठी वर्षभर कुढत होता तेव्हाही जो गुरुवार टिकला होता, तो आता नवऱ्याने सुधारणा केल्यामुळे जात होता.

मार्ग काढला तो वाकेत्तांनी. ते कागदाचे पक्के होते. कागदावर नाव होतं ग्रिबाउदो, तेरेझिओ. मिरेल्लाबाईंचं नाव कुठेही नव्हतं. म्हणजे त्या बायका कॉफी प्यायला येतात. त्याला इमारतीचा काय आक्षेप असणार? आक्षेप व्यावसायिकाला आहे. तेव्हा ठराव असा: भविष्यकथनकार ग्रिबाउदो यांनी, आपल्या सर्व साधनांसह, दर गुरुवारी तीन ते सहा इमारतीच्या बाहेर राहावे.

आमच्याकडे इमारतीच्या सभेत मतं माणशी नसतात. ज्याची जेवढी जागा तेवढे मतांचे हजारांश. ग्रिबाउदोंच्या घराचे एक्केचाळीस हजारांश होते, आणि घर सासऱ्यांकडून आल्यामुळे ते मिरेल्लाबाईंच्या नावावर होतं. "अनुकूल?" असं वाकेत्तांनी विचारताच मिरेल्लाबाईंनी हात वर केला.

जिना चढताना ग्रिबाउदो एवढंच म्हणाले, "निदान तटस्थ राहायचं होतंस."

"तटस्थ कशी राहू? माझाच गुरुवार होता तो."

त्यानंतर त्यांच्यात फारसं बोलणं उरलं नाही. मीठ दे, दिवा बंद कर, पत्र आलंय, एवढंच. रागावलेल्या बायकोपाशी बोलायला निदान एक विषय तरी असतो. मिरेल्लाबाई रागावलेल्याही दिसत नव्हत्या. त्या दमलेल्या दिसत होत्या.

असे गुरुवार सुरू झाले. पावणेतीनला ग्रिबाउदो बाजाराच्या चाकांच्या पिशवीत तेवीस कॅट भरत, तीन मजले ती पायरी पायरीने खाली उतरवत, आणि समोरच्या बागेतल्या बाकावर जाऊन बसत. तिथून आपल्या स्वयंपाकघराची खिडकी दिसे. साडेतीनच्या सुमारास काचेवर वाफ धरे, म्हणजे कॉफी झाली. मग कुणीतरी हसे. बंद खिडकीतून हसणं ऐकू येत नाही, पण डोकी मागे जाताना दिसतात. ग्रिबाउदो मफलर आवळून वही उघडत आणि वर्गवारीत सुधारणा करत. बागेत येणाऱ्या लोकांना कोपऱ्यावरच्या वर्तमानपत्रवालीने सांगून ठेवलं होतं, की हे भविष्य सांगणारे, नगरपालिकेकडे नोंदलेले. लोक लांबून बघत आणि पुढे जात. एवढा मोठा व्यावसायिक बाजाराची पिशवी घेऊन का बसतो, हे कुणाला कळत नव्हतं.

पाचव्या गुरुवारी राखाडी कोटातली एक बाई त्यांच्या शेजारी येऊन बसली. पन्नाशीची असेल. तिच्या हातात हॉस्पिटलचं बंद पाकीट होतं.

"तुम्ही पत्ते बघता म्हणे."

"एका अर्थी," ग्रिबाउदो म्हणाले.

"चार दिवस झाले हे घेऊन फिरतेय. उघडू की नको, तेवढं सांगा."

सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी खरोखर विचारत होतं. ते वाकले, पिशवीतून आरोग्याचा कॅट काढला, मग थबकले. प्रश्न आजाराचा होता का? आजार तर पाकिटात होता. प्रश्न पाकीट उघडण्याचा होता. म्हणजे कागदपत्रं. मग कोर्टकचेरी? त्यांनी तो कॅट काढला. पण निर्णय घ्यायचा तर बोलोन्याचा बरा. त्यांनी तोही काढला. बाकावर सहा कॅट झाले, सातवा मांडीवर. बाई थांबली होती. कधीचीच थांबायची सवय असल्यासारखी.

"एकच मिनिट," ग्रिबाउदो म्हणाले.

त्याच मिनिटाला डोंगराकडून कोरडा वारा सुटला. रेशमाचे निळे चौकोन आधी उडाले, त्यामागून पत्ते. ग्रिबाउदो ते धरायला उठले आणि पिशवी त्यांच्याच पायाला लागून कलंडली. राजे, राण्या, मांजरं, मेहुणीच्या कॅटमधली ती मंडळी, सगळे एकदम चेस्टनटच्या झाडांखालून पळत सुटले. दीड हजारांवर पानं होती.

दोघांनी मिळून ती वेचली. अर्धा तास गेला. बाई गुडघ्यांवर बसून कारंज्याच्या कठड्याखालची पानं काढत होती. मध्येच ती थांबली, तिने पाकीट फाडलं, आतला कागद उभ्यानेच वाचला, घडी करून कोटाच्या खिशात ठेवला आणि पुन्हा खाली बसून पानं गोळा करू लागली. एकदा उचललेलं पान तिने परत खाली ठेवलं. ग्रिबाउदोंनी पाहिलं. ते तिच्या बाजूला सरकून पानं वेचू लागले.

शेवटी तिने एक ओलं झालेलं पान त्यांच्यापुढे धरलं. "हे कुठल्या कॅटमधलं?"

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. अकरा कॅटमध्ये ते पान जवळजवळ तसंच होतं. "नाही सांगता येत," ते म्हणाले.

"मग ते काय म्हणतंय?"

"तेही नाही. मला काहीच येत नाही, बाई. खरं सांगतो." त्यांनी बोट वर करून वाफ धरलेली खिडकी दाखवली. "तिसरा मजला. ग्रिबाउदो असं लिहिलेली बेल. तिथे माझी बायको आहे. मी सोबत आलो असतो, पण मला सहापर्यंत बंदी आहे."

ते पान त्यांच्या हातात देऊन ती रस्ता ओलांडून गेली.

सहा वाजून चार मिनिटांनी ग्रिबाउदो पिशवी ओढत वर पोचले. बायका अजून होत्या. राखाडी कोट कियावासाबाईंच्या मांडीवर होता आणि बाईच्या हातात कॉफीचा कप. रडून झालेलं दिसत होतं. तो कागद टेबलावर, केकच्या ताटाशेजारी उघडा होता. मावशीचा कॅट डब्यातच होता, त्याचं झाकणही काढलेलं नव्हतं. कियावासाबाईंना कुणीतरी कधीतरी काहीतरी सांगितलेलं असणार, पण त्या गप्प होत्या.

ग्रिबाउदो दारातच थबकले. मिरेल्लाबाईंनी पायाने एक खुर्ची बाहेर सरकवली.

"बैस. यांना दर आठवड्याला उपचारांना जायचंय. सोबत कुणी नाही."

"हो," ग्रिबाउदो बसत म्हणाले.

"दर गुरुवारी आहे. तीन वाजता."

टेबलाभोवतीच्या साऱ्या बायका ग्रिबाउदोंकडे बघू लागल्या. दर गुरुवारी तीन वाजता घराबाहेर असणारा इमारतीत तेवढा एकच माणूस होता. ग्रिबाउदोंना ते कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी वही काढली नाही.

"येईन मी," ते त्या बाईला म्हणाले. "पण एक अडचण आहे. ठरावाप्रमाणे ही पिशवी मला बरोबर न्यावी लागते. आणि आता सगळे पत्ते एकमेकांत मिसळलेत."

"आणा की," बाई म्हणाली. "तिथे फार वेळ बसावं लागतं म्हणे. लावत बसू."